खोली हाय का जी?

(भंडाऱ्यात शिकायला आणि कामाला आलेल्या तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मला महागाईवर बोला म्हणून सांगितलंय. महागाईवर सगळेच बोलतात. चहाच्या टपरीवर सावकार बोलतो आणि त्याच्याकडं गहाण पडलेलाही बोलतो. मी तेला-डाळीवर बोलणार नाही. तेलाच्या पिशवीवर भाव छापलेला असतो, दुकानदार माझं आडनाव विचारून तो वाढवत नाही. मी खोलीवर बोलणार आहे. या शहरात खोली ही एकच चीज अशी की तिचा भाव गिऱ्हाइकाचं तोंड पाहून ठरतो.

मी मोहाडी तालुक्यातला. बाप लवकर गेला. माय दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत रोवणी करते. बारावी झाली आणि एक पेटी, एक चटई घेऊन मी भंडाऱ्याला उतरलो. वसतिगृहाच्या यादीत नाव लागलं नाही. मग निघालो गल्लोगल्ली.

"खोली हाय का जी?"

"हाय ना बापा. कोनतं गाव तुहं?"

गाव सांगितलं.

"गावात कोनत्या बाजूले घर?"

बघा, आडनाव नाही विचारलं. बाजू विचारली. गावाच्या कोणत्या बाजूला कोण राहतो हे ज्याला माहीत आहे त्याला आडनावाची गरज पडत नाही. मी बाजू सांगितली आणि खोली जागच्या जागी नाहीशी झाली. "अरे, कालच देल्ली ना एका मास्तरले." आठ दिवसांनी तिथून गेलो तर दाराला 'खोली किरायाने देणे आहे'ची पाटी तशीच. मास्तर बहुतेक अजून यायचा होता.

दुसरीकडं सांगितलं, आमच्याकडं नॉनव्हेज चालत नाही. वैनगंगेच्या काठावरचं हे गाव. मासे न खाणारा घरमालक इथं दिवा घेऊन शोधावा लागेल. ढिवराची टोपली त्याच घराच्या मागच्या दारात उतरलेली मी डोळ्यांनी पाहिली. माशाला बंदी नव्हती, माशाबरोबर येणाऱ्या माणसाला होती.

शेवटी खोली मिळाली. कशी मिळाली ते सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय मला इथं उभं राहायचा हक्क नाही. माझं आडनाव असं आहे की ते आपल्यातही निघतं आणि दुसऱ्यांतही. मालकीणबाई म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही तेच ना?" मी मान हलवली. हो म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही. फक्त मान हलवली. महिना २,५०० रुपये, लाइटबिल वेगळं, दोन महिन्यांचा अॅडव्हान्स. आणि बाबासाहेबांचा फोटो पेटीच्या तळाशी, गोधडीखाली. चौदा महिने. १४ एप्रिलला मी तो काढला नाही. मायचा फोन आला तर जय भीम हळू आवाजात.

ही खरी महागाई. २,५०० रुपयांची पावती मला कधी मिळाली नाही आणि त्या चौदा महिन्यांची तर कोण देणार?

बाबासाहेब कोलंबियातून, लंडनहून शिकून १९१७ साली बडोद्याला नोकरीवर गेले. राहायला जागा नाही. एका पारशी सरायीत दिवसाला दीड रुपयावर राहिले, वहीत पारशी नाव लिहून. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन माणसं आली आणि बाहेर काढलं. हे त्यांनीच लिहून ठेवलंय. एवढ्या विद्वान माणसाला एका खोलीसाठी नाव बदलावं लागलं, म्हणून मी माझी मान हलवणं माफ करून घेत नाही. पण शंभर वर्षं उलटून गेल्यावर घरमालकाचा प्रश्न तोच आहे, ही लाज माझ्या एकट्याची नाही. आणि याच भंडाऱ्यानं १९५४ च्या पोटनिवडणुकीत त्या माणसाला पाडलं. मतं देतानाही लोकांनी बाजू पाहिली.

आता हिशेब. सरकारनं २०१६-१७ पासून बाबासाहेबांच्या नावानं स्वाधार योजना काढली, वसतिगृहात जागा न मिळालेल्या पोरांसाठी. योजना चांगली, मी नाव ठेवत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी वर्षाला ४३,००० रुपये ठरवले. त्यात जेवणाचे २५,०००, राहण्याचे १२,०००, बाकी निर्वाहाचे. म्हणजे खोलीला महिना हजार. भंडाऱ्यात हजार रुपयांत मला सायकल ठेवायलाही जागा कोणी दिली नसती. २,५०० प्रमाणं वर्षाचे ३०,००० झाले. उरले १३,०००. दिवसाला ३६ रुपयेही पडत नाहीत. त्यात दोन वेळचं खा, वही घ्या, पुस्तक घ्या, गावाकडं यष्टीनं जा. शिवाय अर्जाला भाड्याचा करारनामा लागतो. घरमालक करारनामा देत नाही, कारण त्याला किराया कागदावर नकोय. म्हणजे ज्याच्यामुळं पैशाची गरज पडली त्याच्याच सहीवाचून पैसा अडला.

माझ्या मायच्या मापानं मोजू. २०२५-२६ साठी रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली. आठ दिवस काम केलं तर २,४९६. एक महिन्याची खोली भरायला अजून चार रुपये कमी. आणि काम रोज मिळतं असं कोणत्या गावात आहे? असेल तर हात वर करा.

कोणी म्हणेल, किराया परवडत नाही तर स्वतःचं घर बांधा. बांधतो ना! पण जागा कुठं? उंचावरची जागा प्लॉटवाल्यांची, नोकरदारांची. आपल्या वाट्याला उतारावरची, नाल्याकाठची, नदीच्या अंगाची. २०२० च्या ऑगस्टअखेर मध्य प्रदेशात पाऊस कोसळला, संजय सरोवराचं पाणी सुटलं आणि वैनगंगा भंडाऱ्यात शिरली. गणेशपुरात, भोजापुरात, कारध्यात घरंच्या घरं पाण्यात. पूर जात पाहत नाही म्हणतात. पण पाण्याची वाट कुठून जाते ते पाहा आणि त्या वाटेवर कोणाला घर बांधावं लागतं तेही पाहा. खाली पवनीजवळ गोसेखुर्द. १९८८ साली पायाभरणी झाली. धरणाखाली गावं गेली, पाणी मागं मागं थेट भंडाऱ्यापर्यंत थोपलं. बुडालेल्या गावांतल्या भूमिहीनाला शेताचा मोबदला नाही, कारण शेतच नव्हतं. तोही आला शहरात खोली शोधायला.

मग घरकुल. २०१६ साली ग्रामीण घरकुलाला सपाट भागात १ लाख २० हजार ठरले. रमाईच्या नावानं आपल्यासाठी वेगळी योजना आहेच. पण पहिली अट, जागा तुमच्या नावानं पाहिजे. तीन पिढ्या सरकारी जमिनीवर झोपडी, पट्टा नाही, तर तुम्ही बेघरही नाही आणि घरवालेही नाही, अतिक्रमणवाले! ज्याला पट्टा आहे त्याचं घर रेतीपाशी अडतं. २०२३ च्या धोरणात घरकुलाला पाच ब्रास रेती फुकट लिहिलीय. आमच्या उशाशी वैनगंगा आणि आमच्या भिंती जोत्यावर थांबलेल्या. रात्रभर टिप्पर पळतात नागपूरच्या टॉवरांकडं. भंडाऱ्याची रेती दहाव्या मजल्यावर चढली, भंडाऱ्याचा माणूस काही चढला नाही.

आणि पैसा असला, जागा असली, तरी?

मी मोहाडी तालुक्यातला आहे हे सुरुवातीलाच बोललो. खैरलांजी त्याच तालुक्यात. सुरेखाताई भोतमांगेंकडं स्वतःचं शेत होतं. घरादाराचे हात राबत होते, पोरं शिकत होती. घर मात्र कच्चंच राहिलं, कारण गावानं पक्कं घर बांधू दिलं नाही. सत्यशोधन करणाऱ्यांनी हे लिहून ठेवलंय. २९ सप्टेंबर २००६. सुरेखाताई, प्रियंका, रोशन, सुधीर. चौघंही मारले गेले. भैयालाल एकटे उरले आणि २०१७ साली तेही गेले. खैरलांजीवर मोर्चे निघाले, पुस्तकं निघाली. पण त्या न बांधू दिलेल्या चार भिंतींवर फार कोणी बोलत नाही. विटांचं घर म्हणजे हा माणूस आता इथून हलणार नाही, याचा कागद. तो कागद गावाला सहन होत नव्हता.

आता थोडं आपल्याच लोकांबद्दल. चिडू नका. आपल्यातला जो साहेब झाला, ज्यानं दोन मजले बांधले, खालची खोली किरायानं दिली, तोही त्याच भावानं देतो. त्यातले काही तर आपल्या पोरांना देतच नाहीत. "आपले पोट्टे आले का मोर्चे येतात, पोलिस येतात." एकानं मला सरळ विचारलं, "मांगाचा तर नाही ना?" घरात बुद्धाची मूर्ती, दारात गावाची बाजू विचारणारा तोच प्रश्न.

कायदा काय म्हणतो? घटनेच्या १५ व्या कलमात दुकान आहे, हॉटेल आहे, विहीर, तळं, घाट, रस्ता आहे. किरायाची खोली त्या यादीत नाही. म्हणून 'कालच देल्ली' म्हणणाऱ्याला हात लावणं अवघड. पण १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आहे. त्याच्या ५५ व्या कलमानं करारनामा लेखी आणि नोंदवलेला पाहिजे आणि ती जबाबदारी घरमालकाची. केला नाही तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. किरायाची पावती देणंही त्याच कायद्यात आहे. हे इथल्या किती जणांना माहीत होतं? मलाही चौदा महिने माहीत नव्हतं.

म्हणून आज मी एक वही आणलीय. साधी, शंभर पानी. डाव्या पानावर गल्ली, खोली, किराया, अॅडव्हान्स, पावती मिळते का. उजव्या पानावर काय विचारलं आणि काय सांगून परत पाठवलं, जसंच्या तसं, त्यांच्याच शब्दांत. सहा महिन्यांत शंभर पानं भरली की ती घेऊन समाजकल्याणमध्ये, कलेक्टर कचेरीत, नगरपालिकेत जायचं. एकेकट्यानं नाही, सगळ्यांनी. आणि करारनाम्याचा कोरा नमुना मी छापून आणलाय, जाताना प्रत्येकानं दोन न्या. एक स्वतःला, एक शेजारच्या खोलीतल्या पोराला. तो कोणत्याही जातीचा असो, किराया त्यालाही जड जातोच.

पहिल्या पानावर मी माझं लिहिलंय, मान हलवल्यासकट. फोटो आता भिंतीवर आहे. खोली बदलावी लागली, ५०० रुपये जास्त पडतात.

घ्या, वही फिरवा. त्या कोपऱ्यातून सुरू करा. जय भीम.