बाटली रिकामी झाली. मात्रा पूर्ण झाली का?



रोवणीच्या दिवसांत बांधीतील चिखलात पायाला काटा रुततो. दोन दिवस हळद लावून निभावले जाते. तिसऱ्या दिवशी पाय गुडघ्यापर्यंत सुजतो, अंगात ताप भरतो आणि शेतकऱ्याला रुग्णालयात आणावे लागते. प्रकृती अधिकच बिघडली असेल, तर भंडारा मार्गाने नागपूरला मेडिकल किंवा मेयो गाठावे लागते. तेथे शिरेतून प्रतिजैविक औषध सुरू होते. उशाशी बसलेला नातलग बाटलीवर डोळा ठेवून असतो. शेवटचा थेंब पडला की तो धावत जाऊन सांगतो, "सिस्टर, बाटली संपली." बाटली आणि नळी काढली जाते, तक्त्यावर खूण होते आणि सर्वांना हायसे वाटते.

परंतु बाटली रिकामी झाली म्हणजे औषध रुग्णाच्या शरीरात गेले, असे नव्हे. बाटलीपासून हातापर्यंत सुमारे दीड मीटर लांबीची नळी असते. त्या नळीत आणि थेंब मोजण्याच्या फुगीर भागात मिळून साधारण 10 ते 20 मिलिलिटर द्रव मावतो. हा द्रव म्हणजे नुसते पाणी नव्हे, ते औषधच होय. 100 मिलिलिटरच्या बाटलीतील 15 मिलिलिटर मागे राहिले, तर मात्रेचा शेकडा 15 भाग वाया गेला. बाटली 50 मिलिलिटरची असेल, तर शेकडा 30. दिवसातून चार वेळा, याप्रमाणे पाच दिवस औषध दिले आणि 100 मिलिलिटरच्या बाटलीमागे दर वेळी एवढेच नळीत राहिले, तर वीस मात्रांपैकी तीन मात्रा कचऱ्याच्या बादलीत गेल्या, असा हिशेब निघतो. औषधाचे पैसे मात्र वीसही मात्रांचे झालेले असतात. 500 मिलिलिटरच्या मोठ्या बाटलीत ही तूट नगण्य ठरते; म्हणूनच कदाचित ती पुष्कळ काळ कोणाच्या फारशी ध्यानात आली नसावी.

या भागातील शेतकऱ्याला ही गोष्ट वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. ठिबकच्या नळ्यांतून खत सोडल्यावर तो लगेच मोटार बंद करीत नाही. काही वेळ नुसते पाणी सोडतो, कारण नळीतले खत झाडाच्या मुळाशी पोहोचावयाचे असते. रुग्णालयातही नेमके हेच करावयाचे आहे. औषधाची बाटली संपताच त्याच नळीला सलाईनची, म्हणजे शेकडा 0.9 मिठाच्या निर्जंतुक पाण्याची लहान बाटली जोडावी आणि नळीत मावेल एवढे पाणी औषधाच्याच गतीने जाऊ द्यावे. घाईने सोडले, तर नळीतील औषध एकदम शिरेत जाते, आणि तेही योग्य नव्हे. आरंभीही एक दक्षता हवी. नळीतील हवा काढताना औषधाचीच धार ट्रेमध्ये सोडली जाते. त्याऐवजी नळी प्रथम सलाईनने भरून घेता येते.

मात्र कोणतेही पाणी कोणत्याही औषधाला चालते, असे नाही. सेफ्ट्रायाक्झोन हे औषध रिंगर लॅक्टेटसारख्या कॅल्शियमयुक्त द्रवाशी मिसळू देऊ नये. अॅम्फोटेरिसिन हे बुरशीवरील औषध सलाईनमध्ये चालत नाही, त्याला ग्लुकोजचे पाणी लागते. हृदयाच्या वा मूत्रपिंडाच्या रुग्णाला आणि नवजात बालकाला प्रत्येक मिलिलिटर मोजून द्यावा लागतो. म्हणून हा निर्णय डॉक्टरांचा आणि परिचारिकांचाच राहिला पाहिजे. तीच नळी पुढच्या मात्रेसाठी ठेवली तर हरकत काय, असेही विचारले जाते. हरकत आहे. पहिली मात्रा, जिच्यावर सर्वाधिक भिस्त असते, तीच अपुरी पडते. शिवाय मागे राहिलेले औषध तासन् तास नळीत पडून राहते.

अपुऱ्या औषधाची किंमत काय असते, हे प्रतिजैविकांच्या इतिहासाने प्रारंभीच दाखवून दिले. फेब्रुवारी 1941 मध्ये ऑक्सफर्ड येथे अल्बर्ट अलेक्झांडर या पोलीस शिपायाला पेनिसिलिन देण्यात आले. काही दिवसांतच त्याचा ताप उतरला, भूक परतली. पण जगातला साठाच तुटपुंजा! त्याच्या लघवीतून पेनिसिलिन वेगळे काढून ते पुन्हा टोचण्यात आले, तरी ते पुरले नाही. रोग उलटला आणि 15 मार्च रोजी त्याचा अंत झाला. पेनिसिलिनचा शोध लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी डिसेंबर 1945 मध्ये नोबेल पारितोषिकाच्या व्याख्यानात इशारा दिला होता, की अपुऱ्या मात्रेने जंतू मरत नाहीत, उलट औषधाला दाद न देण्यास शिकतात. तुटवड्याचे ते दिवस पुढे पालटले. आपल्या पिंपरीतही 1955 मध्ये पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. ज्याच्या एकेका थेंबासाठी एके काळी एवढा आटापिटा झाला, ते औषध आज नळीसह फेकले जावे, ही विसंगतीच म्हणावयाची. जंतूंच्या या वाढत्या प्रतिकाराविरुद्ध केंद्र शासनाने 2017 मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. औषधाच्या वेष्टनावरील लाल रेषेचा अर्थ आता शाळेतील मुलेही सांगू शकतात. नळीतील औषधाचा विषय मात्र अजून वॉर्डाबाहेर फारसा आलेला नाही.

यात ग्रामपंचायतीचे काय काम, अशी शंका रास्त आहे. रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत जेथे लोकप्रतिनिधी बसतात, तेथे एक साधा प्रश्न विचारता येतो: नळी धुण्यासाठी लागणाऱ्या सलाईनच्या लहान बाटल्या पुरेशा आहेत काय? त्या नसतील, तर परिचारिकेला बोल लावण्यात अर्थ नाही. रात्रपाळीत अनेक रुग्णांमागे एकटीच धावणाऱ्या परिचारिकेवर हे आणखी एक काम पडते, हेही विसरू नये.

नातलगांनी नळीच्या चाकाला हात लावू नये. गती कमी-अधिक करणे हे त्यांचे काम नव्हे. बाटली संपल्याचे त्यांनी जरूर सांगावे आणि नळीतले औषध जायचे आहे का, हे नम्रपणे विचारावे. आणि तक्त्यावर औषध संपल्याची वेळ लिहिताना ती बाटली रिकामी झाल्याची नव्हे, तर नळी धुऊन झाल्याची लिहिली जावी.