भ्रमणध्वनीतील दफ्तर



ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली. धोक्याची पातळी तेथे ४५ फूट मानली जाते. पुढे जुलै २०२१ मध्ये सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे या वस्त्यांवर दरडी कोसळल्या. अशा आपत्तीनंतर पंचनामे सुरू होतात, तेव्हा कागदावरील नोंदीइतकेच मोल भ्रमणध्वनीवर टिपलेल्या छायाचित्राला असते. पडलेली भिंत दोन दिवसांत उचलली जाते, मेलेले जनावर पुरले जाते, भिजलेले धान्य फेकून दिले जाते. मागे उरते ते छायाचित्र.

नेमक्या अशा वेळी फोनने 'जागा शिल्लक नाही' असे सांगितले म्हणजे काय होते, याचा अनुभव गावपातळीवर काम करणाऱ्या पुष्कळांना असेल. चिखलात उभा असलेला कर्मचारी हाताला लागेल ते पुसू लागतो. त्यात वेळ जातो, हे नुकसान लहान होय. घाईत काय पुसले गेले हे त्याला नंतरच कळते, आणि कधी कधी ते पुसलेले छायाचित्र आदल्या दिवशीच्या घरमालकाच्या नुकसानभरपाईचा आधार असते. हे नुकसान मोठे. फोनमधील जागा मोकळी करणे हा विषय वरकरणी किरकोळ वाटतो. परंतु ज्यांच्या फोनमध्ये लोकांचे कागद आहेत, त्यांच्यासाठी तो दफ्तराचा विषय आहे आणि दफ्तराच्याच शिस्तीने त्याकडे पाहणे इष्ट ठरेल.

दफ्तर राखण्याची विद्या महाराष्ट्राला नवी नाही. पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दफ्तर आजही 'रुमालां'त बांधलेले आहे, आणि त्यातील शाहू दफ्तराचा संबंध थेट साताऱ्याच्या गादीशी आहे. इंग्रजी अमदानीनंतरही कागदांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी शासकीय कार्यालयांत रूढ राहिली. 'अ' वर्गाचे कागद कायमचे, 'ब' वर्गाचे ३० वर्षे, 'क' वर्गाचे १० वर्षे, आणि 'ड' वर्गाचे कागद वर्षभराने नष्ट करावयाचे. १९८०च्या दशकात त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्याचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कार्यालयांची जी फेररचना केली, तिचा आरंभ गठ्ठे सोडून कागद निवडण्यापासूनच झाला होता. सन २०१७ मध्ये पुण्याचे विभागीय आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी 'झिरो पेंडन्सी'चा उपक्रम विभागातील सातारा व सांगलीसह पाचही जिल्ह्यांत राबविला, तेव्हाही कपाटे आधी रिकामी झाली आणि प्रकरणांचा निपटारा मग सुरू झाला. दळवी हे खटाव तालुक्यातील निढळ गावचे. ग्रामविकासाच्या कामामुळे या गावाचे नाव श्रोत्यांना परिचित असेलच.

कपाटाच्या बाबतीत जे सर्वांना पटते, ते खिशातील फोनच्या बाबतीत मात्र कोणाला सुचत नाही. तेथे 'अ' वर्ग आणि 'ड' वर्ग एकाच गठ्ठ्यात पडलेले असतात. एका बाजूला पंचनाम्याचे छायाचित्र, शेजारी कोणा स्नेह्याने पाठविलेले उगवत्या सूर्याचे चित्र आणि त्याखाली 'शुभ सकाळ'.

या 'शुभ सकाळ'ची कथा थोडी गमतीची आहे. भारतातील लोकांचे फोन इतक्या लवकर का भरतात याचा शोध गूगलच्या संशोधकांनी घेतला, तेव्हा सकाळच्या शुभेच्छांची चित्रे हे एक मोठे कारण आढळले. डिसेंबर २०१७ मध्ये त्या कंपनीने दिल्लीत जागा मोकळी करणारे एक ॲप सादर केले. आज ते 'फाइल्स' या नावाने अनेक फोनमध्ये असते. शुभेच्छा देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण ग्रामपंचायतीच्या, केंद्रशाळेच्या, बचतगटाच्या, भावकीच्या अशा दहा-पंधरा गटांतून रोज येणारे हे साहित्य फोनमध्ये आपोआप उतरत राहते, आणि ते उतरवून घ्यायचे की नाही हे ठरविण्याचा अधिकार फोनच्या मालकाकडे असतो. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज अँड डेटा' या ठिकाणी आपोआप डाउनलोड होणे बंद करता येते. हे एकच काम केले तरी पुढील भरती पुष्कळशी थांबते. तेथेच 'मॅनेज स्टोरेज' उघडले असता ५ एमबीहून मोठे साहित्य आणि अनेकदा पुढे ढकललेले साहित्य वेगळे काढून दाखविलेले असते. निवडणी तेथून सुरू करावी. कारण जागा खातात ते व्हिडिओ. साध्या फोनवर टिपलेले छायाचित्र तीन ते पाच एमबीचे, तर मिनिटभराचा स्पष्ट व्हिडिओ शंभर एमबीच्या घरात जातो. दोनशे चित्रे निवडून पुसण्याचा शीण करण्यापेक्षा आठ-दहा व्हिडिओ पाहून पुसणे सोपे.

मात्र येथेच एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. पंचनाम्याचे छायाचित्र गटावर टाकले, आता फोनमधील मूळ चित्र पुसले तरी चालेल, असा समज सर्वत्र आढळतो. तो चुकीचा आहे. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या रीतीने पाठविलेले चित्र आकाराने लहान केले जाते, आणि ते कोठे व केव्हा टिपले ही मूळ चित्रासोबत असलेली माहिती त्यातून गळून पडते. उद्या वाद उपस्थित झाला तर हीच माहिती उपयोगी पडणार असते. म्हणून मूळ चित्रच राखावे, आणि पाठवायचेच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावे. तसे केल्यास ते जसेच्या तसे जाते. सार्वजनिक अभिलेख अधिनियम, १९९३ या केंद्रीय कायद्याने संगणकाने वा अन्य उपकरणाने निर्माण झालेले साहित्यही अभिलेखाच्या व्याख्येत घेतले आहे. महाराष्ट्राने आपला स्वतंत्र अधिनियम २००५ मध्ये केला. तेव्हा शासकीय कामाचे चित्र हे कर्मचाऱ्याच्या फोनमध्ये असले तरी त्याची खासगी वस्तू राहत नाही.

दुसरा धोका याहून सूक्ष्म आहे. फोनच्या सेटिंग्जमध्ये एखाद्या ॲपची माहिती उघडली की दोन पर्याय दिसतात: 'क्लिअर कॅशे' आणि 'क्लिअर स्टोरेज' किंवा 'क्लिअर डेटा'. दोन्ही शेजारी शेजारी, दोन्हींनी जागा मोकळी होते, पण दोहोंत महदंतर आहे. कॅशे म्हणजे काम लवकर व्हावे म्हणून ॲपने तात्पुरते जवळ ठेवलेले साहित्य. ते पुसले तरी ॲप पुन्हा मिळवते. दुसऱ्या पर्यायाने मात्र त्या ॲपने फोनमध्ये ठेवलेले सर्वच नाहीसे होते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीचे उदाहरण घ्यावे. शेतकरी बांधावर उभा राहून पिकाचे छायाचित्र घेतो. महाबळेश्वर तालुक्यातील कांदाटी खोऱ्यासारख्या दुर्गम भागात तेथे नेटवर्क असेलच असे नाही. तेव्हा ती नोंद फोनमध्येच थांबते आणि नेटवर्क मिळाल्यावर अपलोड करावी लागते. या मधल्या काळात कोणी हुशार मुलाने फोन हलका करण्यासाठी 'क्लिअर डेटा' दाबले, तर शिवारातील नोंद सातबाऱ्यावर पोहोचण्यापूर्वीच संपली. तलाठ्यांनी, म्हणजे २०२४ पासूनच्या पदनामाप्रमाणे ग्राम महसूल अधिकाऱ्यांनी, पीक पाहणीच्या हंगामात ही गोष्ट गावोगावी सांगण्याची आवश्यकता आहे. अपलोड आधी, सफाई मागाहून, हा क्रम कोणत्याही शासकीय ॲपला लागू पडतो.

गूगल फोटोजविषयीही असाच एक गैरसमज आहे. चित्रांची प्रत गूगलच्या खात्यात गेली असेल, तर त्या ॲपमधील 'फ्री अप स्पेस' हा पर्याय फोनमधील प्रत काढतो आणि खात्यातील प्रत ठेवतो. परंतु त्याच ॲपमध्ये चित्र निवडून नेहमीसारखे डिलीट केले, तर ते दोन्हीकडून जाते. खात्यात गेलेले चित्र कचरापेटीत ६० दिवस राहते, न गेलेले ३० दिवस. तेवढ्या मुदतीत चूक दुरुस्त करता येते. खात्यातही जागा अमर्याद नाही. १ जून २०२१ पासून अशी सर्व चित्रे १५ जीबीच्या विनामूल्य मर्यादेत धरली जातात, आणि त्याच १५ जीबीत ई-मेलही मोडतात. म्हणून कार्यालयीन चित्रे महिन्यातून एकदा संगणकावर किंवा फोनला जोडता येणाऱ्या पेन ड्राइव्हवर, गाव आणि दिनांक यांच्या नावाने फोल्डर करून उतरविणे अधिक बरे. उतरविल्यावर दोन-चार चित्रे उघडून पाहावीत, आणि मगच फोनमधील प्रत काढावी. उघडून न पाहिलेली प्रत ही प्रत नव्हे.

काही साहित्य मात्र निःशंकपणे काढून टाकता येते, कारण ते पुन्हा मिळते. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा ऑनलाइन मिळतो, आधार वा वाहन परवाना डिजिलॉकरमध्ये असतो, शासन निर्णय संकेतस्थळावर असतात. शिक्षकांनी दीक्षा ॲपवर उतरवून घेतलेले पाठही पुन्हा उतरविता येतात; गेल्या वर्षीच्या इयत्तेचे पाठ जपण्याचे कारण नाही. जागा मोकळी करून देण्याचे आमिष दाखविणारी अनोळखी ॲप्स मात्र घेऊच नयेत. ती स्वतः जागा घेतात, जाहिराती दाखवितात आणि फोनमधील सर्व फायली पाहण्याची परवानगी मागतात. फोनच्या सेटिंग्जमधील 'स्टोरेज' हे पान एवढ्या कामास पुरेसे आहे. एकूण जागेपैकी निदान दहावा हिस्सा मोकळा राहील असे पाहावे. त्याहून कमी झाली की फोन अडू लागतो.

या सर्व उपायांना मर्यादा आहे, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यातील अंगणवाडी सेविकांनी शासनाकडून मिळालेले भ्रमणध्वनी मोठ्या संख्येने परत केले. फोन वारंवार बंद पडतात, त्यांची क्षमता अपुरी आहे आणि पोषण ट्रॅकर त्यांवर नीट चालत नाही, अशी त्यांची तक्रार होती. रॅम आणि स्टोरेज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्टोरेज म्हणजे कपाट, रॅम म्हणजे टेबल. कपाट आवरून टेबल मोठे होत नाही. ज्या फोनचे टेबलच लहान आहे, त्याच्या मालकिणीला 'फोटो कमी करा' असा सल्ला देणे म्हणजे साधनाची उणीव तिच्या माथी मारणे होय. फोन देताना त्यावर पुढील चार वर्षे कोणकोणती ॲप्स चालवावी लागतील याचा हिशेब देणाऱ्यानेच मांडला पाहिजे.

राहिला प्रश्न वेळेचा. पूर आल्यावर वर्गवारी होत नाही. मे महिना या कामास सर्वांत सोयीचा: शाळांना सुट्टी असते, ग्रामपंचायतीत पावसाळ्यापूर्वीच्या बैठका चालू असतात, नालेसफाईचा विषय निघालेलाच असतो. शिवाय शासकीय बदल्याही बहुधा एप्रिल-मे मध्येच होतात. कार्यभार देताना नोंदवह्या, शिक्के, किल्ल्या यांची यादी होते, सह्या होतात. बदली झालेल्या कर्मचाऱ्याच्या फोनमधील पंचनाम्यांची छायाचित्रे मात्र त्याच्यासोबत दुसऱ्या तालुक्यात जातात. कार्यभाराच्या यादीत त्यांच्यासाठी एक ओळ वाढवावी: किती छायाचित्रे, कोणत्या गावांची, कोणत्या पेन ड्राइव्हवर, कोणाच्या ताब्यात.