कमरेची गाठ आणि त्वचेचा कर्करोग



धोतर आणि लुगडे ही आपली परंपरागत वस्त्रे. परंतु वर्षानुवर्षे कमरेला एकाच जागी आवळलेली गाठ त्वचेला व्याधीही जडवू शकते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी १९४५ साली या विकाराची नोंद केली. वैद्यकात तो ‘धोतर-कर्करोग’ म्हणून ओळखला जातो. परकराच्या नाडीखालीही तोच उद्भवतो. काश्मिरात फिरनच्या आत कांगडी बाळगणाऱ्यांच्या पोटावर व मांड्यांवर होणारा कर्करोग हा त्याचाच भाऊबंद. तेथे कारण निखाऱ्याची धग, येथे सततचे घर्षण.

हा रोग एकाएकी उपजत नाही. आधी कमरेची त्वचा काळवंडते किंवा पांढुरकी पडते, जाड होते, खाजते, खवले सुटतात. अशा वेळी नाडी सैल करावी, रुंद पट्टा वापरावा, बांधण्याची जागा बदलावी. पुढील अनर्थ टळण्याचा संभव असतो. मात्र महिनाभर न भरणारा, कडा उंचावलेला, सहज रक्ताळणारा व्रण दिसला किंवा जांघेत गाठ हाताला लागली, तर मलमांवर विसंबू नये. व्रणाच्या कडेचा लहानसा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासला म्हणजे निदान होते. भोवतालच्या थोड्या निरोगी त्वचेसह तो भाग वेळीच काढून टाकल्यास रोगी बहुधा पूर्ण बरा होतो.

खरा अडसर आहे तो संकोचाचा. कमरेची जखम आजी सुनेलाही दाखवीत नाही. म्हणून लेकीसुनांनीच आपुलकीने विचारावे आणि वेळेवर डॉक्टरांकडे न्यावे. परंपरा अवश्य जपावी. गाठ तेवढी सैल बांधावी.