फटफटीचें वंगण

श्रोतेहो, बैलगाडीच्या आखांत वंगण कमी पडलें कीं आख करकरतो आणि गाडीवानाला आपणहून जागें करतो. फटफटी अशी सूचना क्वचितच देते. आणि देते तेव्हां बहुधा वेळ टळून गेलेली असते. हें मी अनुभवानें सांगत आहें.

माझी जुनी स्कूटर टू-स्ट्रोक होती. तींत पेट्रोलाबरोबर तेल घालावें लागे. तें पेट्रोलासंगें जळून जाई. पुढें मीं फोर-स्ट्रोक फटफटी घेतली. हींत तेल मिसळावें लागत नाहीं, एवढेंच मीं ध्यानांत ठेवलें. एका पावसाळ्यांत बेगडेवाडीहून निघालों असतां घोराडेश्वराच्या पायथ्याशीं इंजिन अकस्मात् जाम झालें, मागचें चाक अडकलें आणि मी व मागें बसलेला नातू दोघेही रस्त्यावर पडलों. हातपाय शाबूत राहिले, ही ईश्वराची कृपा. मिस्त्रीनें तेलाचा बोल्ट उघडला, तेव्हां पावशेरही तेल निघालें नाहीं. दोष यंत्राचा नव्हता, माझा होता.

फोर-स्ट्रोक इंजिनाचें तेल त्याच्या पोटांत साठलेलें असतें. तेंच पिस्टनला, आणि बहुतेक फटफट्यांत गिअर व क्लच यांनाही, पुरविलें जातें. कालांतरानें त्यांत काजळी आणि धातूचे कण मिसळतात. थोडें तेल पिस्टनच्या कड्यांतून वर जाऊन जळतेंही. म्हणून तें घटतें आणि निकस होतें.

तपासण्याची रीत अशी. इंजिन चार-पांच मिनिटें चालवून बंद करावें आणि दोन-तीन मिनिटें थांबावें. फटफटी सपाट जागेवर सरळ उभी धरावी. बाजूच्या स्टँडवर कललेली असतां माप खोटें येतें. तेल मोजण्याची काडी काढून पुसावी, पुन्हां घालून पहावी. ती आटे फिरवून घालावयाची कीं नुसती टेकवावयाची, हें गाडीच्या पुस्तिकेंत दिलेलें असतें. तेल दोन खुणांच्या मध्यें असावें. वरच्या खुणेपेक्षां अधिकही नसावें. तेल दुधाळ दिसलें, तर आंत पाणी शिरलें असें समजावें. पावसांत ओढे आणि भातखाचरें ओलांडणाऱ्या मावळांतील तरुणांनीं हें विशेष पहावें.

बदलतांना तेल कोमट असावें, म्हणजे गाळासह वाहून येतें. मात्र कढत तेलानें हात भाजतो. खालीं पसरट भांडें ठेवून बोल्ट काढावा. जाळी स्वच्छ करावी किंवा फिल्टर बदलावा. वॉशर नवा घालावा. बोल्ट बेतानेंच आवळावा. अति जोरानें अल्युमिनियमचे आटे जातात. नवें तेल मापून ओतावें; शंभर सीसीच्या फटफटीला साधारणतः एक लिटरही लागत नाहीं. मोटारीचें तेल घालूं नये. त्यानें पुष्कळदां क्लच घसरतो. फटफटीच्या तेलाच्या डब्यावर ‘जासो एमए’ अशी खूण असते. किती किलोमीटरांनीं बदलावें, तें पुस्तिकेंत असतें. चिखलधुळींतून हिंडणाऱ्यांनीं त्याआधींच बदलावें.

राहिलें काळें तेल. तें ओढ्यांत ओतलें तर आपल्याच पवनेंत आणि इंद्रायणींत उतरतें. कायद्यानेंही तें घातक टाकाऊ पदार्थांत गणलें आहे. डब्यांत बंद करून जुनें तेल गोळा करणाऱ्या गॅरेजांत द्यावें.

आठवड्यांतून थोड्याशा मिनिटांचें हें काम. तें टाळण्याची किंमत मीं रस्त्यावर मोजली. आपणांस ती मोजावी लागूं नये, एवढीच इच्छा.