दारापाशी माणूस हवा



रत्नागिरीचा विमानतळ आज तटरक्षक दलाकडे आहे आणि नागरी प्रवाशांसाठी तिथे टर्मिनल उभारण्याचे काम हाती घेतलेले आहे. शेजारच्या सिंधुदुर्गात चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला. धावपट्टी केवढी, तिकीट केवढ्याला, याची चर्चा आपल्याकडे पुष्कळ होते. विमान जमिनीवर उभे असते त्या अर्ध्या तासाचा विचार मात्र कोणी करत नाही. प्रवासी आत बसलेले आहेत आणि पंखाखाली नळी जोडून इंधन भरले जात आहे, अशी वेळ रोज कुठे ना कुठे येते. अशा वेळी जीव वाचतो तो केबिनच्या दारांमुळे, आणि ज्या दारापाशी शिकलेला माणूस उभा नाही ते दार नाहीच असे समजावे, हे मला आज मांडायचे आहे.

यावर कोणी म्हणेल, विमानाचे इंधन रॉकेलच्या जातीचे, ते इतक्या सहज पेटत नाही. जेट ए-१ या इंधनाचा ज्वलनबिंदू किमान ३८ अंश सेल्सिअस असतो, हे खरेच आहे. पण तो हिशोब संथ साचलेल्या इंधनाचा. दाबाखाली फवाऱ्यासारखे उडालेले इंधन त्याहून कमी तापमानालाही पेट घेते, आणि तापलेल्या इंजिनावर पडले तर ठिणगीचीही गरज उरत नाही. ५ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेत डेन्व्हरला ब्रिटिश एअरवेजच्या बोइंग ७७७ मध्ये इंधन भरताना नळीची जोडणी पंखापासून तुटली आणि उडालेल्या इंधनाने पेट घेतला. इंधन भरणारा कर्मचारी त्यात दगावला; विमानातली माणसे बचावली. जपानमध्ये नाहा विमानतळावर २० ऑगस्ट २००७ रोजी उतरलेल्या बोइंग ७३७ च्या पंखातल्या एका सुट्या बोल्टने टाकीला भोक पाडले. तिथे इंधन भरणे चालू नव्हते, पण गळालेल्या इंधनाची आग उभ्या विमानाला किती वेळ देते ते त्यातून कळते. विमान जळून खाक झाले आणि आतले १६५ जण जिवंत बाहेर आले, कारण दारे वेळेत उघडली आणि सुटकेच्या घसरगुंड्या फुगल्या.

म्हणूनच आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचा नियम सांगतो, की प्रवासी आत असताना इंधन भरायचे तर त्यांना तत्काळ बाहेर काढू शकणारी प्रशिक्षित माणसे हजर हवीत आणि खालच्या कर्मचाऱ्यांशी त्यांचे दुतर्फा बोलणे चालू हवे. पट्टे सोडून बसा, ही सूचना याचसाठी असते. ज्या दाराला शिडी लावली आहे ते मोकळे हवे. बाकीची बंद, पण घसरगुंडी सज्ज असलेली, आणि त्यांच्याखाली सामानाची गाडी नको. खाद्यपदार्थांची गाडी एखाद्या दाराला चिकटली की ते दार सुटकेच्या हिशोबातून गेले, आणि हे तिथल्या क्रूला ठाऊक असलेच पाहिजे.

मग सगळीच दारे उघडी का ठेवू नयेत? १५ ऑक्टोबर २०१८ रोजी मुंबईत एअर इंडियाच्या बोइंग ७७७ चे दार लावताना एक हवाईसेविका खाली पडून जबर जखमी झाली. शिडी नसलेले उघडे दार हाही धोकाच. आगीसाठी दार झटकन उघडले पाहिजे आणि पडण्याच्या भीतीने ते उगाच उघडे राहता कामा नये. या दोन गरजांचा मेळ यंत्र घालू शकत नाही, दारापाशी उभा माणूसच घालतो.

इंधन भरताना प्रवाशांना सरसकट उतरवावे, हा आक्षेप मला सर्वांत सबळ वाटतो. तरीही तो पूर्ण पटत नाही. चाकाच्या खुर्चीतले आजोबा आणि तान्ही मुले घेतलेल्या आया यांना गाड्यांच्या वर्दळीतून दोनदा नेणे निर्धोक नसते. मात्र दारे अडलेली असतील, क्रू अपुरा असेल किंवा खालच्यांशी संपर्क तुटला असेल, तर उतरवलेच पाहिजे, उशीर झाला तरी. इथे कंपनीच्या वेळापत्रकाला मी काडीचेही महत्त्व देणार नाही.

रत्नागिरीचे टर्मिनल सुरू होईल तेव्हा उद्घाटनाच्या आमंत्रणाआधी आपण हे विचारावे: शिड्या पुरेशा आहेत का, विमानाखालची जागा मोकळी ठेवण्याची जबाबदारी कोणाची, आणि दारापाशी कोण उभे राहणार? आणि आपण स्वतः आत बसलेले असू तेव्हा पट्टा सोडून बसावे, पिशवी वाटेत ठेवू नये, आणि क्रूने ‘बाहेर’ म्हटले की सामान तिथेच टाकून निघावे.