पेठ पाडण्यापूर्वी
(व्यापारी बंधूंच्या सभेतील भाषण)



हुबळीच्या दुर्गदबैलाचे नाव कानी पडले की मराठी माणसास नांगराचा बैल आठवतो. कानडीत बैलु म्हणजे मोकळे मैदान. दुर्गदबैलु म्हणजे किल्ल्याचे मैदान. त्या मोकळेपणावरच ती पेठ जगली. ज्यास गाळ्याचे भाडे झेपत नाही, तोही तेथे पाटी मांडून चार पैसे मिळवितो. दाजीबान पेठेत तुळजाभवानीच्या दर्शनास आलेली गृहिणी परतताना खण-बांगड्या घेऊन जाते, हीही पेठेचीच रीत.

२०१६ साली हुबळी-धारवाडची स्मार्ट सिटी योजनेत निवड झाली आणि जनता बाजार, एम. जी. मार्केट यांची नवी बांधणी हाती घेण्यात आली. बेळगाव तर त्याच वर्षीच्या जानेवारीत पहिल्या वीस शहरांत होते. तेव्हा ही गोष्ट परक्या गावाची समजू नका. मार्च २०२५ मध्ये ती योजना संपली. पुढली येईलच.

सुधारणेस आमचा विरोध नाही. तुंबलेली गटारे, लोंबणाऱ्या विजेच्या तारा, आगीचा बंब शिरणार नाही अशी वाट, यांना परंपरा म्हणून कवटाळणारे आम्ही नव्हेत. आमचा आक्षेप क्रमाविषयी आहे. आधी पाडावयाचे आणि मग दुकानदाराचे काय ते पाहावयाचे, हा क्रम आम्हांस मान्य नाही.

१६७३ साली मराठी फौजेने हुबळी लुटली, तीत इंग्रजांच्या वखारीचाही माल गेला. कंपनीने भरपाईसाठी पुढे कित्येक दिवस महाराजांच्या दरबारी तगादा लावला. वखारवाल्यापाशी वकील होते, वहीखाते होते. आजच्या भाजीवालीपाशी काय आहे? तिची जागा गेली तर तगादा तरी तिने कोणाच्या दारी लावावा?

उत्तर आहे, परंतु ते कपाटात आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे प्रथम सर्व विक्रेत्यांची पाहणी करून त्यांस प्रमाणपत्रे द्यावयाची असतात, आणि तोवर कोणास उठविता येत नाही. शहर समितीत किमान ४० टक्के सभासद विक्रेत्यांनी निवडलेले असावे लागतात. ही समिती आपल्या गावी कधी बसली, हे विचारण्याचा अधिकार तुमचा आहे. गाळेधारकांनीही नव्या जागेचा करार लेखी घेतल्यावाचून किल्ली देऊ नये. त्यात जागा, भाडे, मुदत, सारे हवे. जुने गाळे पाडून नवे लिलावात काढले, तर पेठ राहील आणि पेठकरी जातील.

मागे हुबळीस एका कासारणीने आम्हांस विचारले, "दादा, वरच्या मजल्यावर गाळा देतील म्हणतात. पण कडेवर पोर घेऊन बाई जिना चढून बांगड्या भरायला येईल का हो?"

आराखडा काढणाऱ्यांपैकी कोणी तिला हे विचारले होते, असे तिच्या बोलण्यावरून दिसले नाही.