लहानमोठ्या श्वानांचा सहवास



अल्सेशियन आणि पामेरियन एकाच घरांत गुण्यागोविंदानें नांदतांना दिसले, म्हणजे पाहुणेमंडळी मोठ्याचें कौतुक करतात: "किती समजूतदार आहे हो!" आमच्या वाघ्याबद्दल हें वाक्य मीं अनेकदां ऐकलें आणि प्रत्येक वेळीं अभिमानानें मान डोलावली. पुढें एका संध्याकाळीं व्हरांड्यांत वाघ्या आणि मोत्या यांची पळापळ चालली असतां मोत्याचा पुढचा पाय वाघ्याच्या पंजाखालीं सांपडला आणि हाड मोडलें. भांडण नव्हतें, राग नव्हता. निव्वळ खेळ होता. तेव्हांपासून ती स्तुति कानीं आली, कीं मी गप्प राहतों.

चिहुआहुआ जातीचा कुत्रा जेमतेम ३ किलोंचा भरतो, तर ग्रेट डेन ५० किलोंच्याही वर जातो. तरी दोघेही लांडग्याचेच वंशज. आकारांतील या तफावतीचा मोठा वांटा एका जनुकाशीं निगडित आहे, असें संशोधकांनीं २००७ सालीं दाखवून दिलें. देह असे पालटले, परंतु भाषा एकच राहिली. पुढचे पाय जमिनीस टेकून मागचा भाग उंचावणें हें खेळाचें आमंत्रण. तें थोराकडून येवो वा धाकट्याकडून, दुसऱ्यास त्याचा अर्थ बरोबर कळतो. मोठा कुत्रा पुष्कळदां आपण होऊन उताणा पडतो, जबडा सैल ठेवतो, लहानग्यास अंगावर चढूं देतो. बळ आवरून धरण्याची ही कला पिलें भावंडांशीं झोंबतांना शिकतात. म्हणून फार कोंवळ्या वयांत त्यांना आईपासून तोडूं नये. मात्र थोर जातीच्या सातआठ महिन्यांच्या पिलापासून विशेष जपावें. त्याचें वजन प्रौढाचें, अक्कल पोराची!

खेळ कोठें संपला, हें ओळखण्याची एक साधी युक्ति आहे. मोठ्याचा पट्टा धरून त्याला क्षणभर थोपवावें. लहानगा पुन्हा त्याच्या अंगावर धांवून आला, तर खेळ खुशाल चालूं द्यावा. कोपऱ्यांत दडला, तर तेथेंच आवरता घ्यावा. कारण भ्यालेला लहान कुत्रा चिरक्या आवाजांत केकाटत पळूं लागला, म्हणजे एखादे वेळीं मोठ्याच्या ठायीं निजलेला शिकारी जागा होतो. पुढें पळतो आहे तो आपला सोबती, हें त्या क्षणीं त्याला उमगत नाहीं. मानगूट धरून एकच हिसडा बसला, तरी धाकट्याचा प्राण जाऊं शकतो, आणि वर्षानुवर्षांचा स्नेहही त्या वेळीं कामीं येईलच असें नाहीं. यासाठीं घरांत कोणी नसतांना दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवावें, आणि दिवाणाखालीं मोठ्याचें डोकें शिरणार नाहीं अशी एक जागा धाकट्यासाठीं मोकळी असावी.

आतां एक कटु गोष्ट. पामेरियन गुरगुरला तर आपण हंसतों. अल्सेशियन गुरगुरला तर त्याला छडी दाखवितों. वस्तुतः गुरगुरणें ही सूचना आहे. मोठ्याला ती देण्याची चोरी झाली, तर पुढच्या वेळीं तो सूचना न देतांच चावेल. खोडी बहुधा धाकट्यानें काढलेली असते, आणि आपण त्याला उचलून कडेवर घेतों. तेवढ्यानें मोठा अधिकच उड्या मारूं लागतो. अशा वेळीं मोठ्याला दूर न्यावें, धाकट्याला जमिनीवरच राहूं द्यावें.

मोत्याचा पाय पुढें नीट जुळला. हल्लीं आमच्या घरीं दोघांच्या थाळ्या दोन खोल्यांत मांडतात आणि दार लावून घेतात. मोत्या आपलें जेवण घाईघाईनें उरकतो, दाराच्या फटीशीं नाक लावून बसतो, आणि पलीकडे वाघ्याची थाळी वाजायची थांबेपर्यंत गुरगुरत राहतो.